गुरुवारी पाणी नसतं

रद्दीवाला म्हणाला, किलोला अकरा.
पुठ्ठ्याची वेगळी काढा, त्यांना आठच.
काट्याच्या एका पारड्यात कातळेबाईंची चाळीस वर्षं,
दुसऱ्यात गंजलेली वजनं.
मी म्हणालो, राहू दे.

बाई वरच्या मजल्यावर. शाळेत भूगोल शिकवायच्या.
जिन्यात गाठ पडली की विचारायच्या, सध्या काय वाचताय?
मी म्हणायचो, लेजर.
त्या हसायच्या नाहीत.
शेवटच्या वेळी दवाखान्यात जाताना
किल्ली माझ्या हातात दिली, आणि झाडांना पाणी घाला म्हणाल्या.
पुस्तकांचं काहीच बोलल्या नाहीत.

मागे कुणी नाही. अकराशे चाळीस पुस्तकं.
सहकारी बँकेत जन्म गेला, मोजल्याशिवाय झोप येत नाही.
प्रत्येकात पेन्सिलीनं तारीख, किंमत, पत्ता,
समासात बारीक अक्षरात काहीबाही.

मग गुरुवार धरला.
गुरुवारी पेठेत पाणी नसतं,
भांडी तशीच ठेवून माणूस बाहेर पडू शकतो.

पहिलं डेक्कनच्या बसस्टॉपवर, बाकाच्या टोकाला.
दहा पावलं गेलो नसेन,
काका, काका करत एक मुलगी मागे,
दप्तर पाठीवर उड्या मारतंय,
तुमचं पुस्तक राहिलं!
राहिलं नाही गं, ठेवलंय.
पुण्यात फुकट देणाऱ्याकडे जसं बघतात
तसं तिनं बघितलं, आणि दोन बोटांत धरून नेलं.

दुसरं रिक्षात. रिक्षावाला पत्ता वाचून
संध्याकाळी दारात हजर. भला माणूस.
मीटर टाकून आला होता.
अठ्ठेचाळीस झाले. दिले.

तिसरं मेट्रो स्टेशनात.
वर छतातून आवाज सांगत होता,
बेवारस वस्तूला हात लावू नका.
सुरक्षारक्षक लातूरकडचा, छातीवर नाव: गित्ते.
त्यानं लांबून काठीनं पुस्तक उलटं केलं.
फुटलं नाही.
मग वही काढली.
वस्तू काय? पुस्तक.
कुणाचं? बाईंचं.
बाई कुठं असतात?
मी फलाटाकडे बघत राहिलो.
बरं, वारस?
त्या रकान्यावर त्याचं पेन थांबलं, माझंही तोंड.
शेवटी तोच म्हणाला, मी नेऊ का? रात्रपाळी असते.
वहीत काय लिहिलं त्यानं, मी वाकून पाहिलं नाही.

त्यानंतर हात सुटला.
ससूनच्या ओपीडीत एका आजीनं
पुस्तकानं नातवाला वारा घातला. घालू दे.
वेताळ टेकडीवर ठेवलेलं
महिन्यानं भेळेच्या पुड्यात परत भेटलं,
पान एकशे बारा, चिंचेत भिजलेलं.
उभ्या उभ्या वाचलं.
बाईंच्या पुस्तकातलं मी वाचलेलं ते पहिलं पान,
आणि वाक्य मध्येच तुटलं.
पुढचं कुणाच्या तरी दुसऱ्या भेळेत.

आठवड्याला एक म्हटलं तर बावीस वर्षं.
मी एकाहत्तरचा.
हिशेब बसत नाही.
हल्ली पिशवीत दोन-तीन घालून निघतो.

परवा अप्पा बळवंत चौकात, फूटपाथवरच्या ढिगात
ती पेन्सिल दिसली.
पान सत्तावन्न. समासात:
इथे दूध उतू गेलं.
आणि खाली, निळ्या बॉलपेननं, गोल गोल अक्षरात:
माझंही.

विक्रेता म्हणाला, चाळीस.
मी तीसला मागितलं, सवय.
त्यानं एक शब्द न बोलता
पुस्तक माझ्या हातातून काढून ढिगात टाकलं.
बरंच केलं.

आता सकाळी पातेलं चढवतो,
ओट्याशेजारी खुर्ची ओढतो,
वरून आणलेलं एखादं उघडतो.
अजून उतू गेलेलं नाही.
डोळा सारखा दुधाकडे जातो.